छोट्या हत्तीच्या हौद्यात बसणारा आणि सोमवारच्या आत उतरणारा कॅम्पर

मुंबईत फिरण्याच्या हौसेसाठी वेगळी गाडी ठेवायची म्हटलं की ती उभी कुठे करायची इथेच गाडं अडतं. पण मंडपवाले, केटरिंगवाले, पाण्याचे जार पोचवणारे, वाशीच्या मार्केटमधून माल आणणारे अशा कितीतरी घरांच्या दारात एक छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो असतो. आठवडाभर तो राबतो आणि शनिवारी रात्री गल्लीत निवांत उभा राहतो. त्या सुट्टीपुरती त्याच्या हौद्यात ठेवता येईल आणि परत आल्यावर दोन माणसांना उतरवता येईल अशी दोघांच्या झोपण्याची पेटी कशी बांधायची, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

परदेशात हेच काम मोटारीमागे ओढायच्या छोट्या ट्रेलरवर करतात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलं जातं आणि त्याची वेगळी नोंदणी लागते. शिवाय ट्रेलर म्हणजे आणखी एक पार्किंग. टेम्पोच्या हौद्यात बसणाऱ्या पेटीला चाकं नाहीत, नंबर प्लेट नाही, वेगळा विमा नाही. जागा मात्र लागतेच: गोदामात, गावच्या पडवीत किंवा सोसायटीने लेखी परवानगी दिली तर कंपाउंडच्या कोपऱ्यात. ती पक्की झाल्याशिवाय लोखंड विकत घेऊ नका.

या कामात एक कसोटी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यासमोर ठेवायची: रविवारी रात्री थकून आलेली दोन माणसं क्रेन न बोलावता ही पेटी उतरवू शकतील का? उंची, वजन, वायरिंग, पाणी, सगळं या एका प्रश्नावर ठरतं. आत राहायला सुंदर पण उतरवायला अवघड असा कॅम्पर दुसऱ्या महिन्यात धंद्याच्या आड येतो आणि मग कायमचा कोपऱ्यात पडतो.

आधी कागद

छोटा हत्ती आरसी बुकात मालवाहू म्हणून नोंदलेला असतो. कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी रचना गाडीत करता येत नाही. म्हणून गाडीला वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही, तिच्या वायरिंगला हात लावायचा नाही. पेटी हौद्यात ठेवलेल्या आणि बांधलेल्या मालासारखी राहिली पाहिजे.

चालत्या गाडीत पेटीच्या आत कुणीही बसायचं किंवा झोपायचं नाही. केबिनमध्ये आरसी बुकात लिहिली आहेत तितकीच माणसं. मुलांना न्यायचं असेल तर त्यांना दुसऱ्या गाडीने किंवा एसटीने न्या. यात पळवाट शोधू नका. हौद्यातल्या बंद पेटीतल्या माणसाला ना सीट असते ना बेल्ट.

पेटी हौद्याच्या बाजूंबाहेर किंवा मागे येता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये हौद्याबाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपयांचा दंड आहे, वर माल उतरवायचा खर्च वेगळा. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेही बघा. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ खाली परमिट लागत नाही आणि छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. विमा कंपनीला मात्र एक साधं पत्र द्या, की सुट्टीच्या दिवशी हौद्यात सुटी पेटी नेणार आहोत. पत्राची पोच जपून ठेवा.

महाराष्ट्राचं २०२१ चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण अनेकांना आठवेल. ते कॅरॅव्हॅन म्हणून नोंदलेल्या वाहनांसाठी आणि कॅरॅव्हॅन पार्कसाठी आहे. आपली पेटी त्यात येत नाही, त्यामुळे त्याचा आधार घेऊन रस्त्यावर वाद घालू नका.

माप

छोट्या हत्तीचा हौदा साधारण २,२०० मिमी लांब, १,४९० मिमी रुंद आणि ३०० मिमी खोल असतो. मॉडेलप्रमाणे फरक पडतो आणि जुन्या गाडीचे फाळके आत वाकलेले असतात. म्हणून रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी येईल ती धरा.

पेटीचं बाहेरचं माप २,१०० बाय १,४०० मिमी ठेवा. बाजूला दोन्हीकडे ४५ मिमी आणि लांबीत १०० मिमी मोकळी जागा राहील. मोकळी जागा वाया गेली असं वाटेल, पण रात्रीच्या अंधारात गाडी पेटीखाली मागे घेताना हेच ४५ मिमी कामाला येतात. आतून साधारण २,०३० बाय १,३३० मिमी उरतात. सहा फुटी माणूस सरळ झोपू शकतो आणि चार फुटी गादी बसते.

उंची बाजूला १,४६० मिमी आणि मध्ये आढ्याला १,५०० मिमी. यात उभं राहता येत नाही, ताठ बसता येतं. उभं राहता येईल इतकी पेटी करण्याचा मोह आवरा. उंची वाढली की वळणावर गाडी कलते, समुद्राकडचा वारा बाजूने ढकलतो आणि इमारतींच्या पार्किंगमधला हाइट बॅरिअर आडवा येतो. जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची मोजा, त्यात १,५०० मिळवा, वर सोलर पॅनेलचे ५० मिमी धरा आणि तो आकडा केबिनमध्ये डोळ्यासमोर चिकटवून ठेवा.

वजनाचा हिशेब कागदावर

बहुतेक पेट्या इथेच फसतात, म्हणून या टप्प्यावर थोडा जास्त वेळ द्या. ४० बाय ४० मिमी, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप मीटरला सुमारे २.४ किलो भरतो. २५ बाय २५ मिमी, १.६ मिमी जाडीचा म्हणजे १६ गेजचा पाइप मीटरला सुमारे १.२ किलो. हे दोन आकडे हाताशी असले की रेखाटनावरूनच वजन काढता येतं.

तळाच्या चौकटीला मोठा पाइप १४ मीटर लागतो, म्हणजे ३३ किलो. वरचा सांगाडा आणि दोन जाड आडव्या नळ्या मिळून ५० किलो. बाहेरून ३ मिमीचे एसीपी पत्रे (दोन अॅल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिकचा गाभा), सुमारे ६० किलो. आतलं ४ मिमी प्लाय ३५, जमिनीचं १२ मिमी प्लाय २३, मधला फोम १०. पलंग आणि त्याखालचे खण ३५, मागचा पल्ला, खिडकी आणि बिजागऱ्या १५, गादी १२, बॅटरी, पॅनेल आणि वायरिंग २५. बेरीज ३०० किलोच्या आसपास जाते. पाणी, स्टोव्ह आणि सामानाचे ८० ते १०० किलो धरले तर ४००. त्यात केबिनमधली दोन माणसं मिळवा आणि ही बेरीज आरसी बुकातलं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन या फरकाच्या आत आहे का ते पाहा. छोट्या हत्तीत ती बसते, आणि तशी ती बसलीच पाहिजे. जुन्या गाडीचे पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) थकलेले असतील तर पेटी बांधायच्या आधी पाटे करून घ्या.

सुताराला घरच्या फर्निचरच्या सवयीने १८ मिमी प्लाय वापरायचं असतं. त्याला आधीच स्पष्ट सांगा: १२ मिमीच्या वर काही नाही.

सांगाडा

पाइप वीस फुटी लांबीत येतात. तळाच्या चौकटीसाठी तीन पुरतात: पहिल्यातून २,१०० चे दोन आणि १,४०० चा एक तुकडा, दुसऱ्यातून १,४०० चे चार, तिसऱ्यातून उरलेले दोन. दोन लांब पाइप खाली लांबीच्या दिशेने, त्यांच्यावर सात आडवे, ३५० मिमीच्या अंतराने. लांब पाइप खाली राहिल्याने हौद्यात शिरलेलं पावसाचं पाणी फाळक्याकडे वाहून जातं.

सगळे जोड आधी फक्त टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांनी धरून घ्या. मग कर्ण मोजा. २,१०० बाय १,४०० च्या चौकटीचा कर्ण २,५२४ मिमी येतो. दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पूर्ण वेल्डिंग करू नका, ठोकून सरळ करा. गुण्या कोपऱ्यापुरता खरं बोलतो, पूर्ण चौकटीचं खरं कर्णच सांगतात.

१६ गेजच्या पाइपला जाड रॉड लावला की भोक पडतं. अडीच मिमीचा रॉड आणि कमी अँपिअर, किंवा सरळ सीओटू वेल्डिंग करणारा कारागीर गाठा. छोटे छोटे टाके समोरासमोर आलटून पालटून घ्यायचे, नाहीतर उष्णतेने सांगाडा पिळतो.

आता या रचनेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तळापासून ३८० मिमी उंचीवर पुढे एक आणि मागे एक अशी ५० बाय ५० मिमी, ३ मिमी जाडीची नळी पूर्ण रुंदीत आडवी टाका आणि कोपऱ्याच्या खांबांना भक्कम जोडा. या दोन नळ्या तीन कामं करतात. पलंगाची फळी यांच्यावर टेकते. पेटी उचलायचे हात यांच्यात सरकतात. बांधायच्या कड्या यांच्याच टोकांना बसतात. हौद्याची बाजू ३०० मिमीची असल्याने नळ्यांची तोंडं तिच्या वर मोकळी राहतात. सगळा भार याच चार कोपऱ्यांतून जाणार असल्यामुळे इथे तिरप्या पट्ट्यांचा आधार द्यायला कंजुषी नको.

रंगाबाबत मुंबईची हवा दया दाखवत नाही. खारा वारा वेल्डिंगच्या टाक्यांतून गंज सुरू करतो. टाके ग्राइंडरने साफ करा, थिनरने पुसा, एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या आणि मग रंग. तळाच्या पाइपांना खालच्या बाजूने ६ मिमीची भोकं पाडून ठेवा. आत साचलेला ओलावा बाहेर पडला नाही तर पाइप आतून सडतो आणि बाहेरून काही कळत नाही.

उचलायचे चार पाय

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पुढे उभा जॅक असतो, हँडल फिरवला की वर-खाली होणारा. तसे चार घ्या. प्रत्येक जॅकला ४० बाय ४० मिमी, ३ मिमी जाडीचा आडवा हात वेल्ड करा आणि तो हात नळीत किमान ५०० मिमी आत जाईल असा ठेवा. नळीचं आतलं माप ४४ मिमी असल्याने थोडी ढील राहते, ती हाताला नायलॉनच्या पट्ट्या लावून काढा. आरपार १२ मिमीची पिन आणि तिला क्लिप.

रिकाम्या पेटीचं वजन ३०० किलो, म्हणजे प्रत्येक पायावर ७५ किलो असं वाटतं. प्रत्यक्षात जमीन कधीच सपाट नसते आणि एखाद्या क्षणी तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोनच पाय सगळा भार घेतात. म्हणून प्रत्येक पाय १५० किलोच्या हिशेबाने करा. वरच्या मापाचा हात साधारण २०० मिमी बाहेर काढला तर हा भार तो सहज पेलतो. पायांच्या आतल्या कडांमधलं अंतर हौद्याच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे १०० मिमी जास्त हवं. आरशांची काळजी नको. पुढचे पाय केबिनच्या मागे येतात आणि गाडी पुढेच निघून जाते, त्यामुळे पायांमधून फक्त हौदा आणि मागची चाकं जातात.

उतरवण्याचा क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. पाण्याचे कॅन आणि सामान आधी बाहेर. बेल्ट सोडा. चारही पायांखाली ३०० बाय ३०० मिमीच्या प्लायच्या फळ्या ठेवा. दोघं समोरासमोरच्या बाजूंना उभे राहा आणि एका वेळी एका कोपऱ्याला २५ मिमीपेक्षा जास्त उचलू नका. चारही कोपरे बरोबरीने वर येऊ द्या. पेटी हौद्याच्या तळापासून १०० मिमी सुटली की मागचा फाळका पाडा, एकाने गाडी अगदी हळू पुढे घ्यायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. गाडी निघाली की पेटी तशीच उंच ठेवून घरी जाऊ नका. जॅक पुन्हा खाली घेत, पिना बदलत, ती लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. पायांवर उभ्या पेटीखाली कुणी शिरायचं नाही आणि आत तर मुळीच चढायचं नाही.

चढवताना हाच क्रम उलटा. फक्त हौद्याच्या तळावर आधी रबरी मॅट अंथरा. नागदेवी स्ट्रीटवर ती मीटरवर मिळते.

कातडी आणि छप्पर

बाहेरून ३ मिमीचा एसीपी पत्रा निवडण्याचं कारण साधं आहे: तो हलका आहे, गंजत नाही आणि साइनबोर्डवाल्यांमुळे मुंबईत कुठेही मिळतो. त्यातला गाभा प्लास्टिकचा असतो आणि तो पेटतो, म्हणून आगरोधक प्रकाराचाच घ्या.

पत्रा १,२२० बाय २,४४० मिमीचा येतो आणि आपली भिंत १,४६० मिमीची. म्हणजे जोड येणारच. तो जोड खाली घ्या. वर पूर्ण १,२२० चा पत्रा आडवा लावा, खाली २८० मिमीची पट्टी, आणि वरचा पत्रा खालच्या पट्टीवर बाहेरून ४० मिमी चढवा. १,२२० अधिक २८० वजा ४० म्हणजे बरोबर १,४६०. हा जोड हौद्याच्या बाजूआड लपतो आणि पाणी वरून खाली घसरताना आत शिरत नाही.

छप्परही १,४०० मिमी रुंद असल्याने एका पत्र्यात होत नाही. सपाट छपराच्या मध्ये जोड म्हणजे पहिल्या पावसात गळती. म्हणून कोकणातल्या घरासारखं आढं काढा: मध्ये ४० मिमी उंच, दोन्ही बाजूंना उतार. जोड सगळ्यात उंच जागी येतो, तिथे पाणी थांबत नाही, आणि त्यावर अॅल्युमिनियमची टोपी बसते. दोन छपरी पत्र्यांतून उरलेल्या पट्ट्यांतूनच बाजूच्या खालच्या पट्ट्या निघतात. एकूण सहा पत्रे पुरतात.

अॅल्युमिनियम उन्हात पसरतं. २,१०० मिमी लांबीचा पत्रा ५० अंशांच्या फरकात अडीच मिमीपर्यंत वाढतो. ५ मिमीच्या रिव्हेटसाठी पत्र्यात ६.५ मिमीचं भोक आणि रुंद डोक्याचा रिव्हेट घ्या, म्हणजे पत्र्याला हलायला जागा राहते. घट्ट भोकं पाडली तर मे महिन्यात पत्रा फुगून लाटा येतात. पत्रा आणि लोखंड यांच्यामध्ये पीयू सीलंट हवाच. दोन वेगळे धातू खाऱ्या दमटपणात एकमेकांना भिडले की गंज झपाट्याने चढतो. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही आणि गाडीच्या हादऱ्यांत ते कडेने सुटतं. खिडकीच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप.

मागची बाजू वर उघडणाऱ्या पल्ल्याची करा, ओम्नीच्या डिकीसारखी, दोन गॅस स्प्रिंगांवर. उघडला की तोच पल्ला सावली होतो आणि खाली पाडलेला फाळका स्वयंपाकाचा ओटा. पल्ल्याची कडी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडली पाहिजे. याशिवाय बाजूला किमान ४५० बाय ६०० मिमीची खिडकी ठेवा, पूर्ण उघडणारी, जिच्यातून माणूस बाहेर पडू शकेल. बंद पेटीला दुसरी वाट नसेल तर तिच्यात झोपू नये, एवढं हे महत्त्वाचं आहे.

हवा येण्याजाण्याच्या जाळ्यांसाठी रे रोडजवळच्या दारुखान्यात एक चक्कर मारा. मोडीत काढलेल्या जहाजांच्या सामानाची दुकानं तिथे आहेत. जहाजाची पितळी झडप किंवा गोल खिडकी हाती लागली तर ती समुद्रासाठीच घडवलेली असते, पेटीच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकेल.

आतली मांडणी

पाइपांच्या मधल्या जागेत २५ मिमीचा कडक एक्सपीएस फोम बसवा, पाइप आणि आतलं प्लाय यांच्यामध्ये पातळ फोमची पट्टी लावा. ती नसेल तर इगतपुरी-भंडारदऱ्याच्या थंड रात्री प्रत्येक पाइपच्या रेषेवर घाम सुटतो. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं (म्हणजे मरीन प्लाय), कापलेल्या कडांना रंग किंवा पॉलिश पाजलेलं. मुंबईत प्लाय कडेनेच फुगतं.

पलंग एकच, पूर्ण लांबीचा. फळी तीन तुकड्यांत, म्हणजे खालच्या खणातलं काढायला पूर्ण गादी उचलावी लागत नाही. जड वस्तू केबिनच्या बाजूच्या खणात ठेवा, हलक्या फाळक्याकडे. गादी ७५ मिमीची पुरे, तिच्याखाली हवा जायला फळीला भोकं पाडलेली.

पाण्याचे नळ, टाकी, सिंक हे सगळं मी मुद्दाम गाळलं आहे. १० लिटरचे दोन-तीन कॅन पुरतात आणि उतरवताना ते हाताने काढता येतात. पाइपात राहिलेलं पाणी आठवड्याने वास मारतं आणि टाकी भरलेली राहिली तर जॅकवर नको तो भार पडतो.

स्वयंपाक नेहमी बाहेर. आत स्टोव्ह, शेगडी, कोळसा काहीही पेटवायचं नाही, थंडी असली तरी आणि खिडकी उघडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पल्ल्याजवळ हाताला येईल असा २ किलोचा एबीसी पावडरचा आग विझवायचा सिलिंडर लटकवा.

वीज

हिशेब लहान आहे. २० वॅटचा १२ व्होल्टचा पंखा दहा तास म्हणजे २०० वॅट-तास. दिवे ४०, दोन मोबाइल ३०. एका रात्रीला २७० धरा. ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे ६४० वॅट-तास देते, म्हणजे दोन रात्री निघतात. छपरावर १०० वॅटचं पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हात रोजचा खर्च भरून निघतो आणि वरती उरतं.

बॅटरीच्या अगदी जवळ ३० अँपिअरचा फ्यूज, मुख्य तारा ४ चौरस मिमी, पत्र्यातून जाताना प्रत्येक तारेला रबरी बुशिंग. पेटीची वायरिंग गाडीला जोडायची नाही. उतरवताना विसरायला काही उरत नाही आणि टेम्पोची बॅटरीही सकाळी ठणठणीत असते. वायर, फ्यूज, स्विच लोहार चाळीत, १२ व्होल्टचे पंखे आणि चार्ज कंट्रोलर लॅमिंग्टन रोडला मिळतात. पंखा छपराजवळ हवा बाहेर फेकणारा आणि ताजी हवा खालच्या जाळीतून आत येणारी ठेवा. दोन्ही तोंडांना डासांची जाळी.

बांधणी

पूर्ण कामात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. ४०० किलोची पेटी ब्रेकवर सुटली तर ती सरळ केबिनकडे येते. माल बांधण्याचा सर्वत्र मानला जाणारा हिशेब असा आहे: पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर थोपवता आला पाहिजे. आपल्या पेटीसाठी पुढे ३२० किलो, इतरत्र २०० किलो.

पुढचा जोर बेल्टवर सोडू नका. पेटी आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यामध्ये पूर्ण रुंदीचा सागाचा किंवा साध्या कठीण लाकडाचा ओंडका ठेवा, म्हणजे पेटीला सरकायला जागाच नाही. बाजूच्या ४५ मिमीच्या फटींत चार कोपऱ्यांना पाचरी ठोका. मग ५० मिमी रुंदीचे चार रॅचेट बेल्ट, प्रत्येक कोपऱ्याच्या कडीपासून हौद्याच्या बाहेरच्या हुकापर्यंत तिरपे, पुढचे मागे ओढणारे आणि मागचे पुढे ओढणारे. हुक दोरीसाठी केलेले असतात. वाकलेला किंवा टाका सुटलेला हुक वापरू नका, शेजारचा घ्या. बेल्ट जिथे हौद्याच्या कडेवरून जातो तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला. खालच्या रबरी मॅटमुळे घर्षण चांगलंच वाढतं, ओल्या पत्र्यावर लाकूड किंवा लोखंड सहज घसरतं. दहीहंडीची दोरी किंवा कपडे वाळवायची नायलॉन दोरी इथे चालत नाही.

रस्त्यावर काढण्याआधी

वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर. कागदावरच्या हिशेबापेक्षा पेटी जड निघाली तर सामान कमी करा, काट्याला दोष देऊ नका.

मोकळ्या मैदानात हौद्याच्या कडेवर आणि पेटीवर एकाच रेषेत खडूची खूण करा. ताशी २० च्या वेगाने ब्रेक दाबा, खूण बघा. मग ४० ने. मग आठ आकड्यात वळवा. खूण हलली तर बांधणी पुन्हा करा. नंतर पाइपने छपरावर अर्धा तास पाणी मारा आणि आत टॉर्च घेऊन बसा. जोडांवर कोरड्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या की थेंबभर गळतीही दिसते.

पहिली रात्र ओळखीच्या जागी काढा, आपल्या किंवा नातेवाइकांच्या अंगणात. कल्याण, कर्जत, पालघर, कुठेही चालेल. पंख्याचा आवाज, डासांची फट, पल्ल्याची कडी, हे सगळं तिथेच कळतं. निघाल्यावर साधारण २० किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा आवळा, रबर दबून ते ढिले होतातच. कसारा किंवा कशेडी घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेकवर पाय ठेवू नका. किनाऱ्याला गेलात तर गाडी वाळूत उतरवू नका. भरतीचं पाणी वाटतं त्यापेक्षा लवकर येतं आणि खारं पाणी चाकांच्या बेअरिंगपासून पेटीच्या तळापर्यंत सगळं खातं. गावात कुणाच्या जागेत उभं राहायचं तर मालकाला विचारून, संडासाची सोय कुठे आहे ते आधीच विचारून, आणि कचरा परत घेऊन.

जूनच्या आधी पेटी ठोकळ्यांवर बसवा, पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी उंच ठेवा म्हणजे वर पडलेलं पाणी पल्ल्याच्या बाजूने निघून जातं. बॅटरी काढून घरात आणा आणि अर्धी भरलेली ठेवा. गादी उभी करा. खिडकी जाळीपुरती उघडी, वर ताडपत्री, पण ती भिंतींना चिकटू न देता. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आत जाऊन प्लायच्या कडा आणि वेल्डिंगचे टाके बघा. गंजाचा ठिपका दिसला तर तिथेच घासून प्रायमर लावा. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा चढवण्याआधी बेल्ट हातातून फिरवून बघा. शिवण सुटलेला किंवा कडेला कातरलेला बेल्ट लगेच बदला, आणि जॅकच्या स्क्रूला ग्रीस.